सहाव्या गोष्टीचं उत्तर

तेजस्विनीनं मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रबंधाचा विषय लिहून दिला, तेव्हा मॅडमनी तो कागद दोनदा वाचला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

“हे तुझ्या घरातलं आहे,” त्या म्हणाल्या. “दुसरा विषय घे. मोबाइलचं व्यसन घे, परीक्षेचा ताण घे. निम्मा वर्ग तेच करतोय.”

“मला हाच करायचाय मॅडम.”

“का?”

उत्तर तेजस्विनीकडं होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

महाळुंगे पडवळला त्यांचं घर गावापासून थोडं लांब, शेतातच आहे. पुढं अंगण, अंगणाच्या कडेला गोठा, मागं ऊस. त्याच्या दीड वर्ष आधी फेब्रुवारीत, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, तिचा भाऊ भरत याची चार वर्षांची मुलगी भाग्यश्री त्या अंगणातून बिबट्यानं नेली. तिला सगळे भागू म्हणायचे. तासाभरात ती उसात सापडली. तेजस्विनी कॉलेजातून कळंबच्या फाट्यावर उतरली तेव्हाच तिला कळलं होतं. ती घरी पोचली तर अंगणात माणसं मावत नव्हती, वनखात्याची गाडी उभी होती, आणि तिची वहिनी इंद्रायणी भिंतीला टेकून बसली होती, पायांना चिखल, हातात खुरपं तसंच. तेजस्विनीच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं :

“वहिनी, तू कुठं होतीस?”

इंद्रायणीनं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं आणि परत खाली घातली.

मग तेच सगळ्यांनी विचारलं. आई झुंबरबाईनं विचारलं, मातीला आलेल्या बायांनी विचारलं, दहाव्याला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं. काहींनी विचारलंही नाही, नुसतं एकमेकांत बोलले, “आईचं ध्यान नको का?” इंद्रायणी कुणालाच काही बोलली नाही. तिनं त्या दिवसापासून बोलणं तोडलं असं नाही, जेवायला वाढताना, गाईला वैरण टाकताना लागेल तेवढं ती बोलायची. पण त्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नाही आणि घरातल्यांनी त्या गप्प बसण्याचा एकच अर्थ लावला.

पुढच्या सहा महिन्यांत केव्हातरी वर्गात शिकवत होते, की काही वाईट घडलं की माणूस दोष कुणाला तरी देतोच, आणि तो कुणाला द्यायचा हे बरेचदा घटनेच्या आधीच ठरलेलं असतं. तेजस्विनीच्या तेव्हा बाकावर बसल्या बसल्या लक्षात आलं. भरतला कुणी काही विचारलं नव्हतं. एकानंही नाही. तिनंसुद्धा.

म्हणून तो विषय.

मॅडम शेवटी तयार झाल्या, पण त्यांच्या अटी होत्या. बिबट्याच्या हल्ल्याची काल्पनिक गोष्ट, गावाचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत. गोष्टीत तीन घटक बदलायचे. मुलीजवळ कोण होतं, आई की वडील. हल्ला कुठं झाला, अंगणात की उसाच्या कडेला. आणि वनखात्यानं आधी सावध केलं होतं की नव्हतं. दोन दुणे चार, चार दुणे आठ. आठ गोष्टी, बाकी शब्द न् शब्द सारखा. प्रत्येक माणसाला त्यातली एकच गोष्ट मिळणार, आणि कुठली मिळणार हे चिठ्ठी उचलल्यासारखं ठरणार. गोष्ट वाचली की प्रश्न : आईचा दोष किती, वडिलांचा किती, वनखात्याचा किती, नशिबाचा किती.

“आणि घरच्या कुणाला पाठवायचा नाही,” मॅडम म्हणाल्या.

फॉर्म बनवायला तिला चेतनाची मदत झाली. मंचरला बाजारपेठेत चेतनाच्या वडिलांचं, लालचंदकाकांचं, स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या मंचरमध्येच गेल्या. चेतना आणि तेजस्विनी अकरावीपासूनच्या मैत्रिणी. चेतनानं कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं होतं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की दोघी फॉर्मवर बसायच्या. बाहेर हायवेचे ट्रक चालू असायचे, त्यामुळं गोष्ट मोठ्यानं वाचून बघायची तर ओरडावं लागायचं.

“बिबट्या लिहू की वाघ?” चेतनानं विचारलं.

“वाघ लिही. बिबट्या फक्त पेपरात असतो.”

चेतनानं लिंक उघडल्यावर आपोआप आठांतली एक गोष्ट समोर येईल अशी सोय केली. गोष्ट मोबाइलच्या एका पडद्यावर मावली पाहिजे म्हणून तेजस्विनीनं ती पाच वेळा कापली. एकदा ‘पुढे’ दाबलं की परत मागं जाता येणार नाही असं ठेवलं, आणि शेवटी एक परीक्षेचा प्रश्न घातला : गोष्टीत मुलीजवळ कोण होतं? ज्यांचं हे उत्तर चुकेल त्यांनी गोष्ट नीट वाचली नाही असं धरायचं आणि त्यांचा फॉर्म बाजूला काढायचा. हा नियम मॅडमनी आधीच लिहून घेतला होता, म्हणजे नंतर सोयीनं बदलता येऊ नये. त्याच्याही खाली एक रिकामी चौकट होती. ‘आपल्याला आणखी काही सांगायचे असल्यास.’

खरं काम सुरू करायच्या आधी दहा-बारा जणांवर फॉर्म करून बघितला. शेजारच्या प्रयागबाईंना तेजस्विनीनं स्वतः वाचून दाखवला.

“आईचा दोष एक ते सात मध्ये किती, मावशी?”

“आगं, दोष काय मापानं मोजत्यात व्हय? असला तर असतोय, नसला तर न्हाई.”

म्हणून मग आकड्यांखाली शब्द घातले. ‘अजिबात नाही’, ‘थोडा’, असं करत करत ‘पूर्णपणे’ पर्यंत.

लालचंदकाकांनी गल्ल्यावर बसून फॉर्म भरला. त्यांना वडिलांची गोष्ट आली होती. चेतनानं त्यांच्या खांद्यावरून बघितलं.

“पप्पा, तुम्ही आईला पाच दिले? गोष्टीत आई घरातच नाहीये. ती बाजारला गेलीय.”

“तेच म्हणतो ना मी. एवढ्या लहान मुलीला सोडून बाजारला कशाला जायचं?”

“आणि वडिलांना दोन?”

“तो बिचारा काय करणार? वाघ काय सांगून येतो?”

तेजस्विनीनं वहीत ते उतरवून घेतलं. तिला बरं वाटत होतं, हेही खरं. आपण जे म्हणतोय ते आकड्यात येणार याचा तो आनंद होता.

डिसेंबरात लिंक बाहेर गेली. कॉलेजचे ग्रुप, दूध डेअरीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा, आसपासच्या चार गावांतल्या बचत गटांचे. आपल्या गावच्या बचत गटाच्या ग्रुपवर पाठवताना तेजस्विनीचा अंगठा थांबला होता. त्या ग्रुपमध्ये इंद्रायणी होती. पण वहिनी ग्रुप बघत नाही, तिच्या फोनमध्ये ती फक्त भागूचे व्हिडिओ बघते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि त्या ग्रुपवर साठ बाया होत्या. एवढ्या बाया एका जागी दुसरीकडं कुठं मिळणार? तिनं लिंक पाठवली. मॅडमना हे सांगितलं नाही.

तीन आठवड्यांत तीनशे शहाऐंशी फॉर्म आले. जानेवारीतल्या एका दुपारी ती चेतनाच्या मागच्या खोलीत बसून एकेक ओळ तपासत होती. परीक्षेचा प्रश्न चुकलेले वेगळे काढायचे होते. त्रेचाळीस निघाले. नियमाप्रमाणं ते बाजूला टाकायचे आणि पुढं जायचं. टाकण्याआधी ती ते नुसते वरवर वाचत गेली.

एका ओळीवर ती थांबली. सहावी गोष्ट. वडील, अंगण, आधी सावध केलेलं नाही. आईचा दोष : पूर्णपणे. वडिलांचा : अजिबात नाही. वनखात्याचा : अजिबात नाही. नशिबाचा : अजिबात नाही. मुलीजवळ कोण होतं? आई. आणि शेवटच्या चौकटीत, मराठी कीबोर्डवर एका बोटानं शोधून शोधून टाइप केलेलं असावं असं, बिनविरामाचं :

‘ती सांगून गेली होती पोरीकडे बघा म्हणून लाईट आली होती मोटर चालू करून कांद्याला पाणी सोडायचं होतं दहा मिनटाचं काम ते म्हणाले जा पण ते फोनवर होते तिला दिसलं होतं की ते फोनवर आहेत तरी ती गेली म्हणून दोष तिचाच’

तेजस्विनीनं ते चेतनाला दाखवलं नाही. तिनं लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, “मी घरी जाते.”

इंद्रायणी घरामागं कांद्याच्या बराखीत, साठवणीच्या चाळीत होती. सडलेले कांदे निवडून पाटीत टाकत होती. त्या वासात तेजस्विनी तिच्याशेजारी जाऊन उकिडवी बसली आणि तीही कांदे निवडायला लागली.

“वहिनी, तू फॉर्म भरलास?”

“व्हय.” इंद्रायणीचे हात थांबले नाहीत. “ग्रुपवर आला व्हता. तुमचं नाव व्हतं खाली, म्हणलं ताईंचं काम हाय, भरावा.”

“त्यात जे लिहिलंस...”

“चुकलं व्हय काय?”

“चुकलं नाही. वहिनी, दादा अंगणात होता? भागू त्याच्याजवळ होती?”

इंद्रायणीनं हातातला कांदा बघितला. तो चांगला होता. तरी तिनं तो सडक्यांच्या पाटीत टाकला.

“वट्यावर बसले व्हते. ती बाहुली घेऊन पायरीवर. मी म्हणलं, ध्यान ठेवा. म्हणले, जा तू. मी बांधावर असताना आरडाओरडा ऐकला. पळत आले तर ते अंगणात उभे. फोन हातातच.”

“मग तू सांगितलं का नाहीस? दोन वर्षं सगळे तुला...”

“कुणाला सांगू?” ती म्हणाली. “मला समद्यांनी ‘कुठं व्हतीस’ म्हणून इचारलं. मी पाणी सोडाया गेले व्हते, हे खरंच हाय की. पोर कुणापाशी व्हती, हे कुणी इचारलंच न्हाई. तुमच्या त्या फॉर्मनं पयल्यांदा इचारलं.”

“पण त्यात तू आई लिहिलंस. गोष्टीत तर वडील होते.”

“वाचलं मी. दोनदा वाचलं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “बोट तिथंच गेलं.”

तेजस्विनीनं दोन वर्षं जे बोलायचं ठेवलं होतं, ते ती आता बोलली. “पहिलं मीच विचारलं होतं. त्या दिवशी. सगळ्यांसमोर.”

“ध्यानात हाय,” इंद्रायणी म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तेजस्विनीला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

मग इंद्रायणीनं विचारलं, “त्या फॉर्मवर लिवलं व्हतं, की नको वाटलं तर उत्तर काढून घेता येतंय. खरं का?”

“खरं आहे.”

“मग माझं पुसून टाका. आन यांना काय बोलू नका. ते रातचं झोपत न्हाईत. मला माहीत हाय, मी शेजारी असते.”

तेजस्विनीनं दुसऱ्या दिवशी ती ओळ काढून टाकली. त्रेचाळीसचे बेचाळीस झाले. दुसरी गोष्ट मात्र तिला पाळता आली नाही.

दहा-बारा दिवसांनी झुंबरबाईची चुलतबहीण घरी आली होती. चहा पिताना बोलणं भागूवर गेलं, आणि झुंबरबाई नेहमीसारखं म्हणाली, “काय करायचं बाई, आईलाच कांद्याची घाई व्हती.” इंद्रायणी गॅसपाशी पाठमोरी उभी होती. भरत दारात बसून बूट काढत होता. त्यानं ऐकलं आणि दुसऱ्या बुटाची लेस सोडायला लागला.

तो उठून गोठ्यात गेला, तशी तेजस्विनी त्याच्यामागं गेली.

“दादा, भागू तुझ्याजवळ होती ना?”

भरतनं वळून बघितलं. दोन वर्षांत तो दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला होता, हे तिच्या त्या वेळी पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

“कोण म्हणलं?”

“होती की नव्हती?”

त्यानं गाईच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. “मी सांगणार व्हतो गं. त्याच दिवशी सांगणार व्हतो. पण तू आलीस आन तिला इचारलंस. मग आईनं इचारलं. मग समदे तिच्याकडंच बघाया लागले. मला वाटलं, आता जरा थांबावं. आन मग थांबलो ते थांबलोच.”

“मग आता सांग.”

“काय सांगू? आन कुनाला?”

“आईला.”

त्यानं मान हलवली. तेजस्विनीला त्या क्षणी त्याची कीव आली आणि संतापही आला, आणि संताप जास्त होता. ती तशीच घरात गेली आणि पाहुणीसमोर आईला सगळं सांगून टाकलं. भागू कुणाजवळ होती, कोण फोनवर होतं, कोण सांगून गेलं होतं.

झुंबरबाईनं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला.

“दिवसभर बटाटं काढून दमून आला व्हता तो,” ती म्हणाली. “घटकाभर फोन बघितला आसल. बापय माणसाचं ध्यान असतं का पोरांत? तिला ठावं असून ती गेलीच कशी?”

तेजस्विनी वहिनीकडं वळली. तिला वाटत होतं, निदान आता ती काही बोलेल. इंद्रायणीनं गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि तिच्याकडं बघत म्हणाली,

“तुम्हाला सांगितलं व्हतं, बोलू नका म्हणून. एवढं एकच मागितलं व्हतं.”

त्या आठवड्यात ती माहेरी गेली. तिचा भाऊ सूरज वारूळवाडीला राहतो. भांडण झालं नाही, आरडाओरडा झाला नाही. तिनं एका पिशवीत कपडे भरले, भागूचा एक फ्रॉक घेतला, सासूच्या पाया पडली आणि सूरजच्या मोटरसायकलवर बसून गेली. भरत शेतात होता. त्याला दिसत होतं. तो बांधापर्यंत आला आणि तिथं उभा राहिला.

तेजस्विनीनं मॅडमना सगळं सांगितलं. गटाच्या ग्रुपवर लिंक पाठवल्याचंही. मॅडम रागावल्या. प्रबंध थांबवावा का, असं तिनं विचारलं.

“थांबवून आता कुणाचं काय भरून येणार आहे?” त्या म्हणाल्या. “पण ही चूक तुझ्या प्रबंधात तू लिहायची. नाव न घेता. आणि ते बेचाळीस फॉर्म घेऊन ये, मला बघायचेत.”

त्या बेचाळिसांत तीस जणांना वडिलांची गोष्ट आली होती आणि त्यांनी ‘आई’ असं उत्तर दिलं होतं. उरलेले फक्त बारा उलटे चुकले होते. म्हणजे ही माणसं गोष्ट न वाचणारी नव्हती. त्यांनी वाचली होती, आणि दोन मिनिटांत वडिलांच्या जागी आई आणून बसवली होती. मॅडम म्हणाल्या, नियम लिहिलाय तर तो पाळायचा, हे फॉर्म मुख्य हिशेबात घ्यायचे नाहीत. पण यांच्यावर वेगळं प्रकरण लिही. तेजस्विनीनं ते लिहिलं. बाकीच्या फॉर्मांतही मुलगी आईजवळ असो की वडिलांजवळ, अंगण असो की ऊस, आठही गोष्टींत आईचा आकडा मोठा निघाला. तोंडी परीक्षेला पुण्याहून आलेल्या सरांनी ते वेगळं प्रकरण वाचून दाखवायला सांगितलं आणि छान आहे म्हणाले. ती पहिल्या वर्गात पास झाली. पेढे तिनं घरी नेले नाहीत.

आता ती मंचरच्या एका शाळेत मुलांची समुपदेशक म्हणून काम करते. इंद्रायणी नारायणगावजवळच्या एका रोपवाटिकेत जाते. टोमॅटोच्या बिया ट्रेमध्ये टोचायच्या, दिवसभर वाकून. तेजस्विनी महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी तिच्याकडं जाते. पहिल्या दोन वेळा इंद्रायणी बाहेर आली नाही, सूरजच्या बायकोनं पाणी दिलं आणि तेजस्विनी परत आली. तिसऱ्या वेळी इंद्रायणी येऊन समोर बसली. गाय कशी आहे, कांदा किती निघाला, प्रयागबाईंचा गुडघा कसा आहे, एवढंच विचारलं. तेजस्विनीनं माफी मागितली तेव्हा तिनं ऐकली आणि म्हणाली, “च्या घ्या, गार व्हतोय.”

भरत तिला न्यायला चार वेळा गेला. चौथ्या वेळी, या उन्हाळ्यात, तो सूरजच्या घरी खुर्चीवर बसला नाही. उभ्या उभ्याच, सूरजसमोर आणि त्याच्या बायकोसमोर, तो बोलला, “पोरगी माझ्यापाशी व्हती. हिनं सांगून दिली व्हती. मी फोनवर व्हतो. हिचा काय दोस न्हाई.” आणि मग तो रडला, मोठ्यानं. सूरजनं त्याला धरून बसवलं.

इंद्रायणी दाराच्या चौकटीपाशी उभी होती. तिच्या बोटांना रोपवाटिकेतली काळी माती होती.

“हे हितं नका सांगू,” ती म्हणाली. “सूरजला मी सांगितलंय. घरी सांगा. आत्याबाईंना सांगा, त्या पावणीला सांगा, माझ्या पोरीच्या मातीला जे आले व्हते त्या समद्यांस्नी सांगा. मग या.”

भरत परत आला. त्या संध्याकाळी तो आईशेजारी जेवायला बसला, दोनदा तोंड उघडलं आणि भाकरी मागून घेतली. पुढच्या महिन्यात गावात सप्ताह होता, सगळे नातेवाईक आले होते, तेव्हाही त्यानं काही सांगितलं नाही. तेजस्विनी आता त्याला काही म्हणत नाही. झुंबरबाई आल्यागेल्याला सांगते, की सून माहेरी जाऊन बसली, जी लेक गेली तिची मायाच नव्हती तिला. भरत ते ऐकतो आणि उठून गोठ्यात जातो.